एक राहिलेले शुद्धिपत्र

महाविद्यालयाचा वार्षिकांक काढणे हे मराठी विभागाचे काम, असा एक अलिखित नियम आपल्याकडे सर्वत्र आहे. वाणिज्यवाल्यांनी हिशेब पाहावा, भूगोलवाल्यांनी सहल काढावी आणि मराठीवाल्यांनी अंक काढावा. आम्ही दोघेही मराठीचे आणि एकाच महाविद्यालयात. त्यामुळे गेल्या अठरा-एकोणीस वर्षांतले बहुतेक अंक आमच्याच हातून गेले. एकाने मजकूर तपासायचा, एकीने मुद्रिते पाहायची. इतक्या वर्षांत हाताला एक सवय लागते. समोर आलेला कोणताही मजकूर आपण सुधारू शकतो, असा विश्वास वाटू लागतो. विद्यार्थ्यांच्या कविता सुधारता सुधारता आपण केव्हा सहकाऱ्यांचे लेखही 'सुधारू' लागलो, हे आम्हांला कळलेच नाही.

2014-15च्या अंकासाठी पदार्थविज्ञानाच्या सरांनी एक लेख दिला होता. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. त्यांना ते आवडले नसते. लेख आखीव कागदाच्या नऊ पानांवर होता, पाठपोट, निळ्या शाईत. वरच्या टोकाला शीर्षक होते : 'जे घडत नाही त्याचे मोजमाप'. विषय होता हलक्या अणुकेंद्रांमधील अल्फा कणांचे घोस आणि ते प्रयोगाने कसे ओळखले जातात हा. आम्ही तो वाचला, म्हणजे वाचल्यासारखे केले. आमच्या मते तो रूक्ष होता. आकडे फार होते, शेवट नव्हता, 'वाचकाला धरून ठेवणारे' काही नव्हते. शिवाय पाने मोजकी आणि क्रीडा विभागाचे फोटो ऐन वेळी वाढलेले. आम्ही नऊ पानांचे एक पान केले. शीर्षक बदलले : 'आपण सारे ताऱ्यांची लेकरे'. आणि मध्ये आमच्या पदरचे एक वाक्य घातले. ताऱ्याच्या तप्त गर्भात तीन हेलियम एकाच क्षणी एकमेकांना मिठी मारतात आणि त्या मिठीतून कार्बन जन्मतो, म्हणजे तुमच्याआमच्या देहाचा कण न् कण, अशा अर्थाचे ते होते. त्यातली मिठी आमचीच.

अंक निघाला. सर तो घेऊन स्टाफरूममध्ये आले, खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि आमच्यापैकी एकीला म्हणाले, "मॅडम, शीर्षक छान आहे." एवढेच. आम्ही ते कौतुक म्हणून घेतले.

ते वाक्य चुकीचे होते, आणि नुसते चुकीचे नव्हते. सरांनी आयुष्याची जी काही उमेदीची वर्षे एका प्रयोगात घातली होती, त्या प्रयोगाचा सारा खटाटोप नेमके ते वाक्य कितपत खरे आहे हे तपासण्यासाठी होता. हे त्यांच्या नऊ पानांत स्पष्ट लिहिलेले होते. आम्ही ते कापले आणि त्याच्या जागी नेमके उलटे छापले.

मागच्या उन्हाळ्यात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा खालच्या मजल्यावरच्या एका लहान खोलीत हलवली गेली. विद्यार्थी उरले नाहीत, हे त्याचे कारण. विभागातली कपाटे रिकामी करताना शिपाईमामांना एक पिवळी फाईल सापडली. वर आमच्या विभागाचे नाव होते म्हणून त्यांनी ती आमच्या टेबलावर आणून ठेवली. आत ती नऊ पाने होती, आमच्या लाल पेनाच्या खुणांसकट. आपलेच हस्ताक्षर अकरा वर्षांनी पाहताना माणसाला जे वाटते ते वाटले, पण त्याहून वाईट वाटले ते समासातल्या निळ्या टिपांनी. आम्ही 'घोस' खोडून 'पुंज' केले होते. 'घोस' हा शब्द आम्हांला बाजारातला वाटला होता, द्राक्षांचा. शेजारी निळ्या शाईत बारीक अक्षरांत : 'पुंज नको. तो क्वांटमला दिलेला आहे.' खरेच होते. पुंजयामिकी हा शब्द आम्ही डझनभर वेळा ऐकलेला, आणि तरीही. 'अभिज्ञातक' हा डिटेक्टरसाठी असलेला परिभाषेतला शब्द आम्ही खोडून 'यंत्र' लिहिले होते. दरवर्षी शाकुंतलातली अंगठी आणि अभिज्ञान या शब्दाची फोड आम्ही वर्गात रंगवून सांगतो. हरवलेल्याची ओळख पटवणारी खूण. आणि तीच धातुसाधना एका पदार्थविज्ञानाच्या माणसाने नेमक्या जागी वापरली, तेव्हा आम्हांला ती जड वाटली. तिथे निळी टीप नव्हती. बहुधा तोवर त्यांनी नाद सोडला असावा.

तर त्या पानांत काय होते, ते आम्ही आता आमच्या कुवतीप्रमाणे सांगतो. या वेळी समजून घेतले आहे. सरांच्या एका जुन्या विद्यार्थिनीला, जी आता स्वतः शिकवते, दोन रविवार त्रास दिला आहे.

सरांचा आरंभ लाडवापासून होता. लाडू दोन जातींचे असतात, बेसनाचा आणि बुंदीचा. बेसनाच्या लाडवात पिठाचा कण कोणता हे सांगता येत नाही, सगळे एकजीव झालेले असते. बुंदीच्या लाडवात प्रत्येक कळी लाडवात राहूनही कळीच राहते. अणुकेंद्र हे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचे बनलेले असते, हे शाळेत शिकतो. पण ते बेसनाचे की बुंदीचे? बहुतेक वेळा बेसनाचे, असे उत्तर आहे. परंतु काही हलक्या अणुकेंद्रांत, विशेषतः ज्यांत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन समान आणि सम संख्येने असतात त्यांत, दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांची एक कळी आपले वेगळेपण राखून असते. हीच कळी म्हणजे अल्फा कण, म्हणजेच हेलियमचे अणुकेंद्र. रदरफर्ड आणि रॉइड्स यांनी 1909मध्ये अल्फा म्हणजे हेलियमच, हे निःसंशय दाखवले. या कळीची बांधणी विलक्षण घट्ट. ती पूर्ण सुटी करायला 28.3 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा लागते, आणि तिला नुसती डिवचून वरच्या पायरीवर न्यायचे तरी सुमारे 20 लागतात. जी वस्तू सहजी डिवचली जात नाही ती गर्दीतही आपले रूप टिकवते.

पुढे एक हिशेब होता आणि तो आम्ही कापला याचे आम्हांला आज सर्वांत जास्त वाईट वाटते, कारण तो आम्हांलासुद्धा करता येतो. 1938मध्ये हाफ्स्टाड आणि एडवर्ड टेलर यांनी अशी कल्पना मांडली की, अल्फांच्या या घोसात प्रत्येक दोन शेजाऱ्यांमध्ये एकेक बंध धरावा. कार्बन म्हणजे तीन अल्फा, त्रिकोण, म्हणून बंध तीन. ऑक्सिजन म्हणजे चार अल्फा, चतुष्फलक, म्हणून बंध सहा. आता कार्बन तीन अल्फांत फोडायला लागते 7.27 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. ऑक्सिजन चार अल्फांत फोडायला 14.44. पहिल्या आकड्याला तिनाने भागा, दुसऱ्याला सहाने. दोन्हीकडे 2.4 येतात. सरांनी भागाकार मांडून दाखवला होता, खाली दोन रेघा मारून. आणि लगेच पुढे लिहिले होते, 'पण यावर लगेच विश्वास ठेवू नये.' कारण दोन अल्फांचे बेरिलियम घ्या. एक बंध, म्हणजे तिथेही 2.4 हवेत. प्रत्यक्षात बेरिलियम-8 टिकतच नाही. दोन अल्फा एकमेकांपाशी येतात आणि सुटतात. चित्र सुंदर आहे म्हणून ते खरे असेलच असे नाही, हे वाक्य सरांच्या लेखात दुसऱ्या पानावर होते. आम्ही चित्राचेच शीर्षक केले.

बेरिलियम-8चे आयुष्य किती? सेकंदाच्या लाखाव्या भागाचा लाखावा भाग घ्यावा, त्याचा पुन्हा लाखावा, आणि त्याचाही साधारण बारावा हिस्सा. हे आपल्याला शून्यच वाटते. पण दोन हेलियम नुसते एकमेकांजवळून निसटून जायला जो वेळ लागतो त्याच्या मानाने हे आयुष्य चांगले मोठे आहे. एड्विन साल्पीटर यांनी 1952मध्ये दाखवले ते हेच. ताऱ्याच्या गर्भात, तापमान दहा कोटी अंशांच्या घरात असताना, अब्जावधी हेलियमांमागे एखादे बेरिलियम कोणत्याही क्षणी हजर असते. तेवढ्यात तिसरा अल्फा येऊन त्याला धडकला तर कार्बनकडे वाट आहे. म्हणजे तिघे एकाच क्षणी भेटत नाहीत. आधी दोघे भेटतात, ती भेट फार टिकणारी नसते, आणि ती मोडण्याच्या आत तिसरा येतो.

तरीही हिशेब जमत नव्हता. या वाटेने कार्बन तयार होई तो फारच थोडा, आणि झालेला पुढे ऑक्सिजनात खपून जाई. 1953च्या आरंभी फ्रेड हॉइल हे कॅलिफोर्नियात पासाडेनाला गेले असताना त्यांनी विल्यम फाउलर यांच्या केलॉग प्रयोगशाळेत जाऊन सांगितले की, कार्बनच्या अणुकेंद्राला अमुक एका ऊर्जेवर एक उद्दीपित पातळी असलीच पाहिजे, साधारण 7.7च्या जवळ. ती असेल तर बेरिलियम आणि तिसरा अल्फा यांची गाठ जुळेल. ज्याला इंग्रजीत रेझोनन्स आणि मराठी परिभाषेत अनुस्पंदन म्हणतात ते घडेल. तिथल्या प्रयोगवाल्यांना हे ऐकून विशेष आनंद झाला नाही. कोण कुठला खगोलज्ञ येतो आणि अणुकेंद्रात काय असले पाहिजे ते सांगतो! पण वॉर्ड व्हेलिंग आणि त्यांचे सहकारी डनबार, पिक्सली, वेंझेल यांनी पाहायचे ठरवले. नायट्रोजनवर ड्यूटेरॉनांची शलाका टाकली. त्यातून अल्फा बाहेर पडतात आणि मागे कार्बन राहतो. बाहेर आलेल्या अल्फाची ऊर्जा चुंबकीय वर्णपटमापकाने मोजली की मागे राहिलेल्या कार्बनने किती ऊर्जा स्वतःजवळ ठेवली ते वजाबाकीने कळते. पातळी सापडली, 7.68वर. आज तिचा आकडा 7.654 असा धरतात आणि तिला हॉइलचीच अवस्था म्हणतात. कार्बन तीन अल्फांत फुटण्याच्या उंबरठ्यापेक्षा ती जेमतेम 0.38 वर आहे.

मराठी वाचकाला हॉइल हे नाव परके नाही. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू म्हणून ते आपल्या घरात आलेले आहेत. नारळीकर गेल्या 20 मे 2025 रोजी गेले तेव्हा वर्तमानपत्रांत हॉइलांचेही फोटो पुन्हा छापले गेले. आणि हॉइलांची ही भविष्यवाणी अनेकदा अशा रीतीने सांगितली जाते, की मी आहे, म्हणून कार्बन आहे, म्हणून ही पातळी असली पाहिजे असे त्यांनी ताडले. सरांना ही दंतकथा अमान्य होती. विज्ञानेतिहासकार हेल्गे क्राग यांनी 2010मध्ये दाखवून दिले की, 1953मध्ये हॉइलांच्या बोलण्यात माणसाचा संबंध नव्हता. ताऱ्यांत कार्बन किती आणि ऑक्सिजन किती, एवढाच हिशेब होता. मानवी जीवनाचा अर्थ त्याला फार पुढे चिकटवला गेला. शिवाय त्या पातळीचे अंधुक संकेत काही जुन्या प्रयोगांत आधीही मिळाले होते. आम्ही जे एक पान छापले त्यात अर्थातच दंतकथा राहिली आणि क्राग गेले.

यापुढची साडेतीन पाने प्रयोगाची होती. ती आम्ही सगळीच कापली.

1957मध्ये कुक, फाउलर आणि दोन लॉरिट्सेन, बापलेक, यांनी बोरॉनच्या किरणोत्सारी क्षयातून ही पातळी पुन्हा निर्माण केली आणि ती खरोखर अल्फांत फुटते हे दाखवले. जी फुटून तीन अल्फा देते ती तीन अल्फांतून जुळूही शकते. दार एकच, आत जाण्याचे आणि बाहेर येण्याचे. म्हणून तारा प्रयोगशाळेत आणता आला नाही तरी चालते. पातळी निर्माण करायची आणि ती कशी फुटते ते पाहायचे. आणि इथेच तो प्रश्न उभा राहतो, ज्यासाठी सरांनी रात्री जागवल्या होत्या. ती फुटते तेव्हा आधी एक अल्फा निसटतो आणि मागे राहिलेले बेरिलियम मग दोन अल्फांत मोडते, की तिघे एकदमच तीन दिशांना जातात? जर तिघे एकदम सुटत असतील तर तिघे एकदम भेटतही असतील, आणि मग ताऱ्यांतल्या कार्बनचा हिशेब, विशेषतः कमी तापमानाला, बदलावा लागेल. शिवाय ही अवस्था आतून दिसते कशी, ते तीन अल्फांचे विरळ वायूसारखे काही आहे की वाकवलेल्या साखळीसारखे, याचाही थोडा उलगडा होईल. तीत हे अणुकेंद्र नेहमीच्या कार्बनपेक्षा बरेच फुगलेले असते, सुमारे दीडपट, असे सिद्धांत सांगतात. 1968मध्ये कियोमी इकेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले होते की घोस दिसतात ते अणुकेंद्र फुटण्याच्या उंबरठ्याजवळ. लाडू सैल होऊन विस्कटायला आला की त्यातल्या कळ्या दिसू लागतात, हे सरांचे त्यावरचे भाष्य.

हे पाहायचे कसे? निर्वात पेटीत कार्बनचा पातळ पापुद्रा टांगायचा, फुंकरीने फाटेल असा. त्यावर वेगवर्धकातली शलाका सोडायची. पेटीत सिलिकॉनचे अभिज्ञातक लावलेले, त्यांवर बारीक पट्ट्या, उभ्या आणि आडव्या. कोणता कण कोणत्या पट्टीवर किती ऊर्जेने आदळला ते नोंदवायचे. फुटलेल्या कार्बनचे तिन्ही अल्फा एकाच वेळी सापडले तरच ती घटना धरायची. दोन सापडले, तिसरा पट्ट्यांच्या बाहेरून गेला, तर अडचण. मग ऊर्जेची वाटणी पाहायची. पायरीपायरीने फुटत असेल तर पहिला निसटणारा अल्फा एकूण ऊर्जेचा जवळजवळ निम्मा वाटा घेऊन जातो. उरलेले दोघे बाकीचे वाटून घेतात. एकदम फुटत असेल तर वाटणी कशीही असू शकते, अगदी तिघांना समसमानसुद्धा. म्हणजे ज्याने निम्मे घेतले असा एकही कण ज्या घटनेत नाही, ती घटना शोधायची. सरांनी कंसात लिहिले होते : '(आपल्याकडच्या वाटणीच्या दाव्यांप्रमाणेच. थोरला निम्मे घेऊन गेला की नाही एवढेच पाहायचे.)' हे वाक्यसुद्धा आम्ही कापले. रूक्ष म्हणे.

खरा त्रास पुढे आहे. दोन अल्फा शेजारशेजारच्या पट्ट्यांवर पडले, आणि कोणती उभी पट्टी कोणत्या आडव्या पट्टीची जोडीदार हे ठरवताना गल्लत झाली, तर वाटणी खोटीच समसमान दिसते. जे घडलेच नाही ते घडल्यासारखे भासते. म्हणून अशी प्रत्येक संशयास्पद घटना उकरून पाहावी लागते. सर लिहितात, पंपांचा आवाज इतका सवयीचा होतो की तो बंद पडला तरच जाग येते. पहाटे चार वाजता पडद्यावर एक ठिपका निम्म्याच्या रेषेपासून दूर पडतो आणि छाती धडधडते. सकाळपर्यंत तो चुकीचा ठरतो. असे महिनोन्‌महिने. सरते शेवटी हाती जे येते ते 'सापडले' असे नसतेच. 'इतक्यापेक्षा जास्त नाही' असे असते. 1994मध्ये मार्टिन फ्रीअर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले, एकदम फुटण्याचे प्रमाण 4 टक्क्यांपेक्षा कमी. सरांच्या हाती त्याच सुमारास जी मर्यादा आली होती ती याहून सैल होती. सैल मर्यादा कोणी छापत नाही. प्रबंध अर्धा राहिला, घरची परिस्थिती नोकरी मागत होती, आणि ते आमच्या महाविद्यालयात आले. हे सारे लेखात दोन ओळींत होते आणि त्यांत तक्रार नव्हती.

नंतरची गोष्ट मात्र त्यांनी मोठ्या चवीने लिहिली होती. 2011मध्ये एका गटाने जाहीर केले की एकदम फुटण्याचे प्रमाण तब्बल 17 टक्के आहे. सर म्हणतात, ते वाचून आपण रात्रभर जुन्या वह्या काढून बसलो. वाटले, आपल्या त्या पहाटेच्या ठिपक्यांपैकी काही खरे तर नव्हते? मग 2012मध्ये दुसऱ्यांनी मोजले, अर्ध्या टक्क्याहून कमी. 2013मध्ये कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमधून मोजमाप आले, टक्क्याच्या आसपास. 2014मध्ये आणखी एक, 0.2 टक्क्यांहून कमी. तिथे लेख संपत होता. शेवट नाही असे आम्ही म्हणालो होतो ते याला. शेवट तोवर झालेलाच नव्हता तर तो माणूस कुठून आणणार!

2017च्या सप्टेंबरनंतर एके दिवशी सर दोन निबंधांच्या छापील प्रती घेऊन आमच्या टेबलापाशी आले. एक बर्मिंगहॅमच्या गटाचा, एक इटलीतल्या कातानियाच्या प्रयोगाचा, दोन्ही एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात. एकाची मर्यादा 0.047 टक्के, दुसऱ्याची 0.043. कातानियात त्यांनी नायट्रोजनवर ड्यूटेरॉनच टाकले होते, 1953च्या पासाडेनातलीच अभिक्रिया, याचे त्यांना फार अप्रूप. आम्ही विनयाने माना डोलावल्या. तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हणजे आता तुमचं ते वाक्य दहा हजारांत फार तर चार-पाच वेळा खरं ठरू शकतं." कोणते वाक्य, हे आम्हांला त्या वेळी समजले नाही. आम्हीही हसलो. 2019मध्ये कोलकात्याच्या गटाने ती मर्यादा 0.019 टक्क्यांवर आणली, तेव्हा व्हरांड्यात जाता जाता त्यांनी बोटे दाखवली, दोन. "आता दोनदाच, मॅडम." तेव्हाही समजले नाही. आमच्यापैकी एकाला वाटले, ते तासांबद्दल बोलत आहेत.

2021च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, सर गेले. अंत्यदर्शन झाले नाही. त्या वर्षीच्या अंकात श्रद्धांजली आम्हीच लिहिली. ती आता पुन्हा काढून पाहिली. विद्यार्थिप्रिय, मितभाषी, कर्तव्यदक्ष. तीन विशेषणे, आणि त्यांतले एकही या माणसाला ओळखण्याच्या उपयोगाचे नाही. तो काय करीत असे, कशाची वाट पाहत असे, कोणत्या आकड्याने त्याची झोप उडत असे, यांतले काहीच आम्हांला लिहिता आले नाही, कारण ते आम्ही 2015मध्येच कापले होते. विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो की प्रतिमा आधी तपासावी, ती अनुभवातून आली आहे की केवळ हाताशी होती म्हणून घेतली. मर्ढेकर शिकवताना तर हे तासभर सांगतो. ताऱ्यांची धूळ, ताऱ्यांची लेकरे, या प्रतिमा किती हातांतून फिरून गुळगुळीत झालेल्या आहेत हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. विज्ञानाच्या लेखाला तेवढे पुरे, असा आमचा समज होता. हा समज मराठीच्या वर्गांतून सर्रास दिसतो आणि आम्ही त्याला अपवाद नव्हतो.

एक आकडा मात्र आमच्या छापील पानात चुकून शिल्लक राहिला होता. ही हॉइलची अवस्था तयार झाली तरी ती बहुतेक वेळा पुन्हा तीन अल्फांतच मोडते. सुमारे चोवीसशे वेळांत एकदाच ती आपली ऊर्जा प्रकाशरूपाने किंवा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोडीने टाकून देऊन स्थिर कार्बन होते. जगातला जवळजवळ सारा कार्बन या एकाच्या खात्यातला. 2020मध्ये एका नव्या मोजमापाने हे प्रमाण बरेच वाढवून सांगितले होते आणि काही काळ बरीच खळबळ झाली. नंतरच्या मोजमापांनी जुन्या आकड्यालाच दुजोरा दिला. सरांना ती खळबळ शेवटी शेवटी कळली असेल का, हे विचारायला आता कोणी नाही. प्रथम वर्षाच्या वर्गात ते म्हणत, "चोवीसशेत एक. आपला निकाल यापेक्षा बरा आहे." हे त्यांच्या विद्यार्थिनीने आम्हांला सांगितले. तिला तो तास अजून आठवतो.

पाने आम्ही वहिनींना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून पहिले पान वाचले, लाल खुणांवरून बोट फिरवले आणि विचारले, "हे लाल कुणी केलं?" आम्ही सांगितले. त्या म्हणाल्या, "त्यांना वाटायचं, तुम्हांला आवडला नाही लेख." मग चहा ठेवायला आत गेल्या. घोस हा शब्द त्यांच्या माहेरचा, द्राक्षबागांच्या भागातला. सरांनी तो तिथूनच घेतला होता, हे चहा पिताना कळले.

वार्षिकांकाचे काम या वर्षापासून आमच्याकडे नाही. नव्या संपादकांना, जे आमचेच एके काळचे विद्यार्थी, आम्ही विचारले की अकरा वर्षांपूर्वीच्या अंकाचे शुद्धिपत्र आता छापता येईल का. ते संकोचले. आम्ही चिठ्ठीवर मजकूर लिहून दिला : '2014-15च्या अंकातील "आपण सारे ताऱ्यांची लेकरे" या लेखात "तीन हेलियम एकाच क्षणी" याऐवजी "आधी दोन, आणि ते सुटण्यापूर्वी तिसरा" असे वाचावे. शीर्षक "जे घडत नाही त्याचे मोजमाप" असे वाचावे. चूक संपादकांची आहे, लेखकाची नाही.' त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "सर, मॅडम, पानं या वर्षीही कमी आहेत. शेवटी जागा उरली तर नक्की घेतो."

अंक फेब्रुवारीत निघतो. संपूर्ण लेख आम्ही टंकून ठेवला आहे, घोस आणि अभिज्ञातक यांसह.